दुर्जात हाडाची चिकित्सा

(छावणी, छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न.)



विषय कळल्यावर एक-दोघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं हाडांच्या वॉर्डात काय काम? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही आणि आज कुणाला उपचारही सांगणार नाही. पण मराठीत एक सोय आहे. ‘चिकित्सा’ हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो. वैद्य रोग्याची चिकित्सा करतो, समीक्षक ग्रंथाची चिकित्सा करतो. मला आज एका जुन्या ग्रंथातल्या एका विधानाची चिकित्सा करायची आहे, आणि ते विधान चिकित्सेबद्दलचंच आहे.

ग्रंथ सुश्रुतसंहिता. निदानस्थानाचा पंधरावा अध्याय, भग्ननिदान. मोडलेली हाडं आणि निखळलेले सांधे यांचा हा अध्याय. यात सांधे निखळण्याचे सहा प्रकार आहेत, हाड मोडण्याचे बारा. त्या बारांत एक ‘वक्र’ नावाचा आहे. हाड पूर्ण तुटत नाही, कोवळ्या फांदीसारखं वाकतं. आजचे डॉक्टर लहान मुलांत ज्याला ग्रीनस्टिक म्हणतात, तसाच हा प्रकार दिसतो. कूर्चेची हाडं वाकतात, लांब पोकळ हाडं मोडतात, कवटीची हाडं फुटतात, असा भेदही तिथे केलेला आहे. एवढं बारीक पाहणारा हा ग्रंथकार आहे, हे आधी लक्षात घ्या. त्याच्याशी भांडायचं तर त्याची उंची मान्य करून भांडलं पाहिजे.

तर या अध्यायाच्या अखेरीकडे कोणते भंग वैद्याने हाती घेऊ नयेत, याची यादी येते. त्यात एक विधान आहे. त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. जे हाड किंवा जो सांधा मुळापासूनच ‘दुर्जात’ आहे, तो वर्ज्य. आणि जे हाड नीट बसवलं, पण पुढे चुकीच्या ठेवणीमुळे, चुकीच्या बांधणीमुळे किंवा हिसका बसल्यामुळे बिघडलं, तेही वर्ज्य. ‘मुळापासून’ याचा अर्थ सामान्यपणे जन्मापासून असा घेतला जातो, मीही तोच घेतो.

म्हणजे ज्या मुलाची हाडं जन्मतःच वेगळी घडली आहेत, त्याचा हात मोडला तर वैद्याने काय करावं? ग्रंथ म्हणतो, सोडून द्यावं.

आता लगेच रागावू नका. ‘वर्ज्य’ या शब्दामागे एक प्रामाणिकपणा आहे. जे बरं करता येत नाही ते बरं करतो असं सांगून वैद्याने पैसे घेऊ नयेत, रोग्याला यातना देऊ नयेत. साध्य, कष्टसाध्य, याप्य, असाध्य अशी वर्गवारी करणारं शास्त्र स्वतःची मर्यादा ओळखणारं शास्त्र असतं. भूल नाही, एक्स-रे नाही, जंतुनाशक नाही, अशा काळात ‘इथे हात घालू नका’ हा सल्ला अनेकदा दयाळूच असणार. म्हणून माझी तक्रार सुश्रुताच्या हेतूबद्दल नाही. माझी तक्रार त्या विधानाच्या रचनेबद्दल आहे. ती रचना आजही आपल्या डोक्यात जशीच्या तशी बसलेली आहे.

रचना बघा. एका वाक्यात चार गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: जन्माने वाईट, ठेवणीने वाईट, बांधणीने वाईट, हिसक्याने वाईट. यातली पहिली गोष्ट निसर्गाची. दुसरी आणि तिसरी कुणाची? वैद्याची. चौथी सांभाळणाऱ्यांची. म्हणजे ‘असाध्य’ म्हणून जी रास केली, तिच्यात अर्ध्याहून जास्त आपल्याच हातचं काम आहे. आणि एकदा रास झाली, की निसर्गाचं कुठलं आणि आपलं कुठलं हे कळेनासं होतं.

हे मी शब्दच्छल म्हणून सांगत नाही. वॉर्डात नेमकं हेच घडतं. एका आजाराचं उदाहरण घेऊ. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. लोक ‘ब्रिटल बोन’ म्हणतात, आपली वर्तमानपत्रं ‘काचेची हाडं’ म्हणतात. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक, असं त्याचं प्रमाण सांगतात. हाड म्हणजे निव्वळ चुना नव्हे. आत कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात, त्यांच्यावर खनिज बसतं. सिमेंटच्या खांबात सळ्या असतात ना, तसं. या आजारात बहुतेकदा त्या सळ्या कमी तरी असतात किंवा त्यांची वीण तरी बिघडलेली असते. त्यामुळे अंगावरची चादर ओढताना, कूस बदलताना, सदऱ्याच्या बाहीत हात घालतानासुद्धा हाड मोडू शकतं. सगळ्यांचं इतकं नाजूक नसतं. १९७९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड सिलन्स यांनी याचे चार प्रकार पाडले, आज त्याहून जास्त माहीत आहेत. कुणाला आयुष्यात पाच-दहा वेळा फ्रॅक्चर होतं, कुणाला शंभर वेळा.

अशा मुलाचा हात मोडतो, कोपर आणि मनगट यांच्या मधे. पहिल्यांदा मोडतो तेव्हा प्लास्टर घालतात. चौथ्यांदा मोडतो तेव्हा घरचे म्हणतात, हा तर मोडणारच. कुणीतरी फडकं बांधतं, कुणी हाडवैद्याकडे नेतं, कामट्या बांधून आणतं. हाड थोडं वाकडं जुळतं. वाकड्या हाडावर पुढचा भार वाकडाच पडतो, म्हणून ते त्याच बाकावर पुन्हा मोडतं आणि आणखी वाकतं. पाच-सहा वर्षांनी जो धनुष्यासारखा हात तयार होतो, त्याच्याकडे बोट दाखवून आपण म्हणतो, जन्माचाच असा आहे. तो जन्माचा असा नाही. जन्माचा नाजूकपणा होता, त्यावर सहा वेळा निष्काळजी ठेवण झाली. सुश्रुताच्या त्या विधानातल्या सगळ्या गोष्टी या एका हातात जमा झाल्या, आणि दोष फक्त पहिलीवर ढकलला गेला.

इथे ‘दुर्जात’ या शब्दाकडे वळतो. शब्द हाडाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही, हे मी मान्य करतो. पण आपण कुठे बसलो आहोत? इथून जवळच नागसेनवन आहे. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये कॉलेज सुरू केलं. जन्माबद्दलचा शब्द माणसाबद्दलचा निकाल कसा बनतो, हे या परिसराला कुणी शिकवायला नको. आणि आपली भाषाही बघा. ‘हाडाचा शिक्षक’, ‘हाडाचा शेतकरी’ म्हणजे जातिवंत, अस्सल. ‘हाडीमांशी खिळलेलं’ म्हणजे न बदलणारं. मराठीला हाड म्हणजे स्वभाव वाटतो. मग हाडच वाईट म्हटलं की बाकी काय उरलं?

बरं, हा दोष एकट्या संस्कृतचा किंवा मराठीचा नाही. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हे नाव १८४९मध्ये डच शरीरशास्त्रज्ञ विलेम व्रोलिक यांनी दिलं. अर्थ काय? अपुरी अस्थिनिर्मिती. म्हणजे एक पुरी निर्मिती गृहीत धरायची आणि हे मूल तिच्यापासून किती कमी पडलं, ते नावातच लिहून ठेवायचं.

‘काचेची हाडं’ हे तर नावापेक्षाही वाईट रूपक. नाजूकपणा सांगायला ते सोयीचं आहे. पण काचेचा मुख्य गुण काय? फुटली की फुटली. सांधत नाही. या मुलांची हाडं मात्र मोडतात आणि जुळतात. बहुधा इतरांच्या हाडांना लागतो तेवढ्याच वेळात जुळतात. जुळून आलेलं हाड पुन्हा त्याच वाणाचं असतं, हे खरं, पण जुळतं. म्हणजे या आजारातली सगळ्यात महत्त्वाची, आशेची गोष्ट रूपकाने झाकून टाकली. २०००मध्ये ‘अनब्रेकेबल’ नावाचा इंग्रजी चित्रपट आला होता, आपल्याकडे जन्मलेल्या एम. नाइट श्यामलन यांचा. त्यात हा आजार असलेलं पात्र आहे, लोक त्याला मिस्टर ग्लास म्हणतात, आणि शेवटी तोच खलनायक निघतो. काच म्हटलं की तडा आला, तडा आला की धार आली. रूपक माणसाला कुठवर ओढत नेतं ते बघा.

आता प्रत्यक्ष हाताकडे येतो. कोपर ते मनगट या भागात दोन हाडं आहेत, रेडियस आणि अल्ना. मांडीत एक, दंडात एक, इथे दोन कशाला? कारण इथे नुसता भार पेलायचा नाही, फिरायचं आहे. प्रसाद घेताना तळवा वर होतो, टेबल पुसताना खाली. ही फिरकी घेताना रेडियस हे हाड अल्नाभोवती वळतं. दोघांच्या मधे एक पातळ पडदा आहे, तो दोघांना बांधून ठेवतो. म्हणून हाडांचे डॉक्टर या संपूर्ण भागालाच एक सांधा मानतात. एखादं हाड जरा वाकडं किंवा आखूड जुळलं, तर दुखेल न दुखेल, पण फिरकी जाते. या आजाराच्या पाचव्या प्रकारात तो मधला पडदाच हाडासारखा कडक होतो. दोन्ही हाडं शाबूत असतात आणि तळवा तरी वळत नाही.

नागसेनवनाचं नाव ज्या भिक्खू नागसेनावरून आहे, त्याने मिलिंद राजाला रथाबद्दल प्रश्न विचारले होते. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. मग रथ कुठे आहे? मला वाटतं, हाडांच्या प्रत्येक वॉर्डात ही गोष्ट सांगावी. रेडियस म्हणजे हात नाही. अल्ना म्हणजे हात नाही. एक्स-रेमध्ये दोन्ही सरळ दिसली, म्हणून हात आला असं नाही.

हे न ओळखल्यामुळे काय होतं, ते सर्जरीच्या इतिहासातच दिसतं. धडधाकट माणसाचा हा भाग मोडला, तर मोठ्यांमध्ये रूढ उपाय म्हणजे प्लेट आणि स्क्रू. हाडाच्या बाजूला धातूची पट्टी आवळायची. उत्तम उपाय आहे. तोच उपाय नाजूक हाडावर केला तर? पट्टीखालचा भाग एकदम ताठ होतो आणि पट्टी जिथे संपते तिथून पुढे पुन्हा तेच मऊ हाड. सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो आणि हाड नेमकं शेवटच्या स्क्रूपाशी मोडतं. जुन्या धोतराला नव्या मांजरपाटाचं ठिगळ लावलं, की धोतर ठिगळाच्या कडेला फाटतं. आपल्या आज्या हे जाणत होत्या.

म्हणून अशा हाडांसाठी दुसरा मार्ग निघाला. हाडाच्या पोकळीतून लांबवर तार किंवा रॉड घालायचा, म्हणजे ताण हाडभर वाटला जातो. १९५९मध्ये शिकागोच्या सोफील्ड आणि मिलर यांनी यासंबंधीचा आपला दहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. वाकलेलं हाड जागोजागी कापायचं आणि तुकडे रॉडवर सरळ ओवायचे. गंमत अशी, की याचं बीज सुश्रुतातही आहे. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात तो सांगतो, की हाड वेडंवाकडं जुळलं असेल तर ते पुन्हा मोडावं आणि ताज्या भंगासारखे उपचार करावेत. म्हणजे वैद्याने बिघडवलेल्या हाडाला एका ठिकाणी वर्ज्य म्हणणारा ग्रंथ दुसऱ्या ठिकाणी त्याचा इलाज सांगतो. ग्रंथ आपल्यापेक्षा मोकळा असतो. आपण एक ओळ धरून बसतो.

पण रॉडनेही प्रश्न संपत नाही. मूल वाढतं, रॉड वाढत नाही. रॉडच्या पुढे वाढलेलं हाड पुन्हा वाकतं. त्यासाठी दुर्बिणीसारखे लांबणारे रॉड १९६०च्या दशकात आले. मांडीत आणि पायात ते बसतात. हाताच्या या दोन हाडांची पोकळी मात्र फार अरुंद, कधी कधी जवळजवळ नसतेच. तिथे साध्या बारीक तारेवर भागवावं लागतं, ती सरकते, टोकाशी टोचते. शिवाय एक वेगळी गोष्ट आहे. या आजाराबद्दलचं सर्जरीचं लिखाण पायांबद्दल भरपूर आहे, हातांबद्दल त्या मानाने कमी. का? कारण आपल्या मनात बरं होणं म्हणजे चालणं. ‘मूल चालेल का?’ हाच पहिला प्रश्न. जे मूल चालणार नाही, ज्याचं आयुष्य व्हीलचेअरवर जाणार आहे, त्याचं चाक कोण ढकलणार? हात ढकलणार. खुर्चीवरून पलंगावर सरकताना सगळा भार कुठे येणार? याच कोपर-मनगटाच्या मधल्या भागावर. म्हणजे ज्याला हाताची गरज जास्त, त्याच्या हाताबद्दल शास्त्राने विचार कमी केला.

प्लास्टरचंही असंच. मोडलं की हलवू नका, ही आपली समजूत. पण हाड हे वापरावर जगतं. सहा आठवडे बांधून ठेवलं की ते आणखी विरळ होतं, आणि प्लास्टर काढल्यावर पुढचं फ्रॅक्चर वाट बघत असतं. म्हणून अशा मुलांत हलकं बांधावं, गरजेपुरतं बांधावं आणि जमेल तितक्या लवकर हात हलता करावा, अशी आज धारणा आहे. काळजीचा अतिरेकच इथे इजा करतो. आईबापांना हे पटवणं किती अवघड असेल, कल्पना करा. ज्या लेकराला कापसात ठेवावंसं वाटतं, त्याला पाण्यात खेळायला सोडा असं सांगायचं.

औषधाकडे एक मिनिट वळतो, कारण तिथे तत्त्वज्ञानाचा एक छान धडा आहे. आपल्या शरीरात हाड सतत खाल्लं जातं आणि सतत नव्याने बांधलं जातं. खाणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. १९९८मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या फ्रान्सिस ग्लोरिओ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पॅमिड्रोनेट नावाचं औषध सलाइनमधून ठरावीक अंतराने दिलं, तर तीव्र आजाराच्या मुलांची हाडं दाट होतात. हे औषध हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतं. मूळ दोष, म्हणजे कोलॅजनचा, तसाच राहतो. पण जे आहे ते टिकतं.

मग वाटेल, की खाणाऱ्या पेशी पूर्ण बंदच केल्या तर? हाड पोलादासारखं होईल! निसर्गाने हा प्रयोग करून ठेवला आहे. ऑस्टिओपेट्रोसिस नावाचा दुसरा जन्मजात आजार आहे, संगमरवरी हाडांचा. १९०४मध्ये हॅम्बुर्गच्या आल्बर्स-शोनबर्ग यांनी तो एक्स-रेवरून वर्णन केला. त्यात हाड खाणाऱ्या पेशी काम करत नाहीत. एक्स-रेत हाड पांढरंशुभ्र, दाट दिसतं. आणि तरी ते खडूसारखं मोडतं! मोडल्यावर स्क्रू घालायचा तर ड्रिल तापतो, कधी तुटतो. पोकळीच नसल्याने रॉड कुठून घालणार? जुळायलाही वेळ लागतो. २००३मध्ये तर एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली, ज्याला हाडं दाट करणारं औषध वाजवीपेक्षा जास्त दिलं गेलं आणि त्याच्यात याच संगमरवरी आजाराची लक्षणं उभी राहिली.

यातून काय घ्यायचं? घट्ट म्हणजे मजबूत हे खरं नाही. जे हाड कधीच मोडीत निघत नाही, ते हाड ठिसूळ. मोडण्या-बांधण्याचा तोल म्हणजे हाड. तेव्हा ‘पूर्ण हाड’ नावाची एक स्थिर वस्तू कुठेतरी आहे आणि हे मूल तिच्यापासून घसरलं, ही कल्पनाच आधी मोडीत काढायला हवी.

आता वैद्यांना बोललो, तसं तत्त्वज्ञांनाही बोललं पाहिजे. आपल्या परंपरेत जन्मतः वाकड्या अंगाचा महापुरुष कोण? अष्टावक्र. आठ ठिकाणी वाकडा. महाभारताच्या वनपर्वात त्याची कथा आहे. गर्भात असतानाच त्याने बापाच्या वेदपठणाला टोकलं, बापाने शाप दिला. पुढे तो जनकाच्या दारी जातो. द्वारपाल त्याला अडवतो, तेही वाकडा म्हणून नव्हे, पोर म्हणून. वादात बंदीला हरवतो. इथवर कथा किती सुंदर आहे! आणि शेवट? प्रचलित पाठात बाप त्याला समंगा नदीत उतरायला सांगतो आणि अंगं सरळ होतात. कथाकाराला राहवलं नाही. एवढा विद्वान, आणि वाकडाच राहणार? सरळ केल्याशिवाय गोष्ट संपेना.

दुसरीकडे अष्टावक्रगीता. तिथे उलटा मार्ग. देह म्हणजे तू नव्हेस, मग त्याच्या बाकांची चिंता कशाला? मी आयुष्यभर वेदान्त शिकवला, या विचाराची ताकद मला ठाऊक आहे. चोखोबांनी वाकड्या उसाचा आणि त्याच्या रसाचा दाखला दिला, तोही याच जातीचा वाटतो. पण त्यांचा रोख कुणाकडे होता? बाहेरून बघून माणसाची पारख करणाऱ्याकडे. तो बघणाऱ्याला दिलेला जबाब आहे. सोसणाऱ्याला दिलेला उपचार म्हणून तो वापरायचा नाही. हात मोडलेल्या सात वर्षांच्या मुलीला ‘तू देह नाहीस’ सांगणं, हाही तिला वर्ज्य करण्याचाच एक प्रकार आहे, फक्त अधिक आदरणीय.

म्हणजे सोडून देण्याच्या तीन तऱ्हा झाल्या. वैद्य म्हणतो, असाध्य आहे. कथाकार म्हणतो, चमत्काराने सरळ होईल. तत्त्वज्ञ म्हणतो, सरळ-वाकडं खरंच नाही. तिघांच्याही हातातून तो हात सुटतो.

मग धरायचं कसं? उत्तर पुन्हा सुश्रुतातच आहे. चिकित्सास्थानाच्या त्याच तिसऱ्या अध्यायात, तळहाताच्या भंगानंतर काय करावं हे सांगताना तो म्हणतो, की रोग्याने आधी मातीचा गोळा हातात धरावा, मग मिठाचा, आणि हातात बळ आलं की दगड. मला ही जागा सबंध अध्यायातली सर्वांत मोठी वाटते. हात बरा झाला की नाही, हे वैद्याच्या डोळ्याने ठरत नाही. हाडाच्या सरळपणाने ठरत नाही. हात काय धरू शकतो, यावर ठरतं. आज माती, उद्या मीठ, परवा दगड. आणि ज्याचा हात दगडापर्यंत पोचणार नाही, तो मिठापर्यंत तर पोचेल. मीठ हीसुद्धा एक पायरीच आहे.

फ्रान्समधले तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम तत्त्वज्ञान शिकवता शिकवता वैद्यक शिकले आणि १९४३मध्ये त्यांनी प्राकृत आणि विकृत यांवर प्रबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की निरोगी म्हणजे सरासरीएवढा नव्हे. निरोगी तो, ज्याला बदललेल्या परिस्थितीत जगण्याचे नवे नियम घालून घेता येतात. मातीच्या गोळ्यापासून दगडापर्यंतचा प्रवास हेच सांगतो, फक्त कमी शब्दांत.

याचा व्यवहारात फरक पडतो का? पडतो. १९८१मध्ये अमेरिकेत मोजमाप झालं, की रोजच्या कामांना कोपराखालच्या हाताची साधारण १०० अंशांची फिरकी पुरते. हा आकडा आजही वापरतात. पण मोजलेल्या कामांत काट्याने खाणं होतं, टेलिफोन होता. आपल्याला भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवून तोंडाकडे न्यायचा असतो. तांब्याने पाणी घेऊन धुवायचं असतं. वेणी घालायची असते. ऑपरेशन करायचं की नाही, वाकलेलं हाड कापायचं की तसंच ठेवायचं, हे ठरवताना एक्स-रेच्या शेजारी ही यादी ठेवली पाहिजे. पुष्कळदा उत्तर असं येईल, की हात वाकडा आहे, पण काम करतो. राहू द्या. कधी उलट येईल. हाड फार वाकडं नाही, पण घास तोंडापर्यंत जात नाही, तर ऑपरेशनचा विचार करा.

छावणीच्या गावात ‘फिट’ आणि ‘अनफिट’ हे शब्द घराघरांत असतात. भरतीला कोपराचा कोन मोजतात, ते ठीकच आहे, सैन्याची ती गरज आहे. पण भरतीची मोजपट्टी शाळेच्या दारात आणि दवाखान्याच्या दारात आणू नये. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात या आजाराचं वेगळं नाव नाही. तो हालचालीच्या अपंगत्वात बसवावा लागतो. आणि ती टक्केवारी मुख्यतः सांधा किती हलतो, बळ किती आहे, यावर ठरते. दोन फ्रॅक्चरांच्या मधल्या बऱ्या दिवशी हात चांगला हलतो. पुढच्या आठवड्यात मोडण्याची धास्ती टक्क्यात मावत नाही.

शेवटी त्या विधानाकडे येतो. सुश्रुताला दुरुस्त करायचा अधिकार मला नाही. पण वाचकाला वाचण्याचा अधिकार आहे. मी ते आज असं वाचतो: चुकीची ठेवण, चुकीची बांधणी आणि हिसका, या गोष्टी टाळण्यासारख्या आहेत. ‘वर्ज्य’ हा शब्द त्यांना लावावा. हाडाला लावू नये.



प्रश्न (एक शिक्षिका) : आमच्या शाळेत असं एक मूल आहे. वर्गात काही झालं तर आमच्यावर येईल, म्हणून घरी बसवा असं सगळे म्हणतात. काय करावं?

उत्तर : ताई, भीती खरी आहे, तिला हसू नये. पण घरी बसलेल्या मुलाचंही हाड मोडतंच, हे आपण बघितलं. बंदोबस्त छोट्या गोष्टींचा असतो. वर्ग तळमजल्यावर, बाक कडेला, दप्तर दुसऱ्याकडे, मधल्या सुटीत दारातली गर्दी ओसरल्यावर बाहेर. उचलताना हाताला किंवा दंडाला धरून ओढायचं नाही, हे सगळ्या शिक्षकांना आणि शिपायांना माहीत हवं. मोडलं तर काय करायचं आणि कुणाला फोन करायचा, हे आईवडिलांकडून आधीच लिहून घ्या. आणि त्या मुलाला विचारा. कसं उचलायचं हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

प्रश्न (एक गृहस्थ) : आमच्या भागात लोक आईलाच दोष देतात. गरोदरपणात काहीतरी चुकलं म्हणतात.

उत्तर : हा समजही जुना आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात गरोदर स्त्रीचे डोहाळे पुरवले नाहीत तर मूल कुबडं, लंगडं होतं, असं म्हटलं आहे. तिथेही रोख तिचे डोहाळे पुरवा असा आहे, तिला दोष द्या असा नाही. आपण तो उलटा फिरवला. आज आपल्याला माहीत आहे, की हा जनुकांतला बदल आहे. तो आईकडून येऊ शकतो, बापाकडून येऊ शकतो, दोघांकडून येऊ शकतो, आणि पुष्कळदा कुणाकडूनच न येता नव्याने घडतो. डोहाळ्यांशी, ग्रहणाशी, खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नाही. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचं नाव आहे आणि त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे. तेव्हा दोष शोधण्यात जाणारी शक्ती तिकडचा कागद तयार करण्यात लावा. त्या आईला इतकंच सांगा, की तुझं काही चुकलेलं नाही. हे वाक्य तिला बहुधा अजून कुणी म्हटलेलं नसेल.